बांबूतली तार

२ ऑगस्ट १९८९

साहेबांनी आज फर्मान काढलं — बांबूच्या यार्डातला छोटा कॉम्प्युटर माझ्या जुन्या मशीनला जोडायचा. तारेनं! मनकर्णाबाई बांबूचा हिशोब तिकडेच टाइप करतील आणि तो थेट इथल्या मोठ्या डिस्कवर येऊन बसेल. फ्लॉपी घेऊन कोणी यायला नको. 'मुखरूभाऊ, तुमचा त्रास वाचला!' म्हणाले.

कसला त्रास? दिवसभर या थंड खोलीत मी, एसी आणि ही कपाटाएवढी मशीन. नागपूरच्या ऑफिसनं वापरून वापरून आमच्या पुठ्ठा मिलच्या गळ्यात मारलेली. तीन वाजता मनकर्णाबाई फ्लॉपी घेऊन येतात, चपला दाराबाहेर काढतात, थर्मासमधला चहा ओततात. दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज. आणि साहेब त्यालाच त्रास म्हणतात!

४ ऑगस्ट

तार आली, पाइप नाही आला. यार्डाचा मुकादम दसरू म्हणाला, 'पाइप काऊन पाह्यजे जी? बांबू हायेत न ढीगभर! गाठी फोडून देतो, तार आतून घाला.' सळई तापवून एकेक गाठ फोडली पठ्ठ्यानं. दिवसभर राबून दोघांनी यार्डापासून माझ्या दारापर्यंत बांबू अंथरले. काम झकास झालं. मला मात्र आपल्या हातानं आपलंच दार बुजवतोय असं वाटत होतं. उद्या फक्त टोकं जोडायची.

५ ऑगस्ट

गेली तार! बांबूच्या यार्डात बांबू पडलेला — सकाळच्या पाळीच्या लोकांना काय ठाऊक आत काय आहे? उचलला, मोळीत बांधला, चिपरमध्ये घातला. तारेसकट! तुकडे करता करता चिपर अडकला तेव्हा कळलं. दसरू डोक्याला हात लावून बसला. साहेब आगपाखड करत होते, सगळे खाली मान घालून उभे. मीही. पण आतून — लिहायला लाज वाटते — गुदगुल्या होत होत्या.

तीन वाजता मनकर्णाबाई आल्या. चिपरची गोष्ट मी रंगवून सांगितली. हसल्या नाहीत. 'मंग आता कधी जोडान?' एवढंच.

११ ऑगस्ट

नवी तार आली. या वेळी बांबूला लाल रंग दिला आणि खांबांवर उंच बांधला. दसरू येणाऱ्या-जाणाऱ्याला दम देतो — 'याले हात लावसान तं पाहा!'

१४ ऑगस्ट

तार जोडली. चालत नाही.

असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तारेच्या टोकाला एक लहानशी टोपी बसवावी लागते, नाहीतर दोन्ही मशीन एकमेकींना ओळखतच नाहीत. ती टोपी माझ्या खिशात आहे. साहेबांना काय कळतं! 'नागपूरला विचारतो,' म्हणालो.

१६ ऑगस्ट

'झालं का जी?' मनकर्णाबाईंचं आजही तेच. काल सुट्टी होती, एक दिवस सुटला. अर्धा चहा तसाच टाकून उठल्या. इतका कंटाळा आला माझा? होतं तरी काय यायला — मधे एक यार्ड! मीही मग फ्लॉपी परत देताना वर पाहिलं नाही.

१७ ऑगस्ट

बाई आज रजेवर. दिवसभरात फक्त खानावळवाल्याशी बोललो. 'भात वाढू का?' 'नको.'

१८ ऑगस्ट

धो धो पाऊस. फ्लॉपी पदराखाली धरून आल्या, तरी भिजलीच. मशीन वाचेना. दोन दिवसांचा सगळा हिशोब गेला. तिथेच भिंतीला टेकून रडायला लागल्या. 'पुन्हा सारं टाइप करा लागते. कधी होईन हो मुखरूभाऊ? खरं सांगा न.'

मला त्यांच्याकडे पाहवेना. त्यांना चहा प्यायला बसवलं आणि भिजतच यार्डात गेलो. टोपी बसवली. त्यांना बोलावलं. 'एफ', म्हणजे माझ्या डिस्कचं अक्षर, दाबा म्हटलं — आणि माझी म्हातारी डिस्क त्यांच्या पडद्यावर हजर! सगळ्या फायली ओळीनं. बाईंनी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. 'लय उपकार झाले जी!' तेव्हा बरं वाटलं. खोलीत परत आलो आणि अजिबात बरं वाटेना.

२१ ऑगस्ट

तीन वाजले. दिवा लुकलुकला, डिस्क फिरली, यार्डातला हिशोब आला. दार कोणी वाजवलं नाही. कॅन्टीनचा चहा मागवला, तो निवून गेला.

२४ ऑगस्ट

मनकर्णाबाई आल्या! फ्लॉपी नाही, हातात पेढे. बदली झाली — मिलच्या एटापल्ली डेपोत. साहेबांनी कधीचं म्हणून ठेवलं होतं, मशीन जोडल्याशिवाय सोडणार नाही. 'लेक हाये न माही तिथी, सत्यशीला. आजीजवळ राहते. मागच्या खेपेले मी गेली तं मले मावशी म्हणाली.' हसून सांगत होत्या, डोळे भरलेले. आधी का नाही बोललात, म्हटलं. 'सांगू तं वाटे. पण तुम्ही असेच राबून राह्यले होते माह्यासाठी. अजून काऊन ताप द्यायचा?'

राबून! टोपी खिशात घालून फिरत होतो मी. दोन वर्षं सोबत चहा प्यालो, तुम्हाला मूलबाळ काय, एवढंही कधी विचारलं नाही. सगळा वेळ माझंच रडगाणं. पेढा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. टोपीचं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

२८ ऑगस्ट

बाईंच्या जागी नवा माणूस मिळणार नाही. साहेब म्हणाले, यार्डातलं टाइपिंगही तुम्हीच करा. सकाळी तिकडे बसून पाठवलं, दुपारी इकडे येऊन उघडलं. सगळं बरोबर पोचलं होतं. तारेच्या दोन्ही टोकांना मीच.