बुजवलेल्या बावीची अखेरची व्यवस्था

मी, डॉ. नम्रता भिकाजी हडकर, वय सत्तावन्न, व्यवसाय कोरड्या प्रदेशातील पाणी व झाडे यांचा अभ्यास, राहणार कातळवाडी, मसुऱ्याजवळ, ता. मालवण, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहिते. बुद्धी शाबूत आहे. धक्का शाबूत बुद्धीलाच बसतो. प्रकृतीही ठणठणीत आहे. पण आजोबांनी खणलेली बाव, म्हणजे आमची विहीर, तीन दिवसांत नाहीशी झालेली पाहिल्यावर स्वतःच्या टिकाऊपणावर फार विसंबू नये असे वाटले.

कलम १. वस्तुस्थिती.
आमच्या गावी गावपळण आहे. देवाचा कौल झाला की माणसे, गुरे, कोंबड्या घेऊन अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. गावात देवाचे राज्य. त्या दिवसांत कोणी पाणी शेंदत नाही, पंप चालत नाही. बावीतले पाणी पितात ती फक्त झाडे. राजस्थानात उमेदीची सारी वर्षे घालवूनही मला अशी संधी मिळाली नव्हती, कारण तिथे एकही विहीर मोकळी सुटत नाही. म्हणून मी पातळी नोंदवणारे यंत्र बावीत सोडले आणि सर्वांबरोबर वेशीबाहेर गेले.

परतले तर बावीच्या जागी लाल माती, चोपून सपाट केलेली. वर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून आपसूक मालवणी बाहेर पडली.
"विनीत, बाव खंय?"
"माका काय ठावक? देवचाराची करणी आसतली गो ताई."
"गाव राखणारे देवचार आता जेसीबी चालवतत? चाकांचे वळ बघ."
तेव्हा घरात पर्यटक उतरवणारा माझा हा धाकटा भाऊ खुर्चीत बसला. "पावण्यांच्यो गाड्यो खंय लावू? नळ इलो मगे घरात. बाव कित्याक होयी?"

देवाच्या धाकाने कुत्रीसुद्धा गाव सोडतात, त्याच तीन दिवसांत बाहेरचा जेसीबीवाला आणून माझ्या भावाने हे केले.

कलम २. याच बावीच्या काठावर बाबांनी माझ्याकडून पाण्याची संस्कृत नावे पाठ करून घेतली. चुकले की एक कळशी शेंदायची. मी हुशार होते असे नाही, हात दुखत म्हणून पाठ झाली. पुढे वाळवंटात गेले. नावे सगळी होती, पाणी नव्हते. तिथल्या खेजडीच्या झाडाची मुळे किती खोल जातात हे शोधण्यात आयुष्य गेले. "कोकणच्या मुलीला दुष्काळ काय कळणार?" असे भर सभेत म्हणणाऱ्या माझ्या निवृत्त संचालकांना मी माझी छत्री देते. त्यांना तिचा उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

कलम ३. माती काढण्याची गिरमिटे, पुस्तके आणि बँकेतील शिल्लक विनीतची मुलगी तन्वी हिला. तिने वनस्पतिशास्त्र घ्यावे. हॉटेल चालवायला शिकली तरी शिल्लक तिचीच, मग गिरमिटे भिंतीवर टांगू नयेत. पर्जन्यमापक देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्या महादू गावकराला देणार होते, पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, त्याला काही देता येत नाही. त्यात तो अबोली लावणार होता, म्हणून फारसे वाईट वाटत नाही.

कलम ४. घर व आवारातील माझा अर्धा हिस्सा तन्वीला, बाव पुन्हा मोकळी करण्याच्या अटीवर. न केल्यास हिस्सा ग्रामदेवतेस जाईल. मग विनीतने प्रत्येक गाडीगणिक देवळात कौल लावावा.

कलम ५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून विनीत भिकाजी हडकर यालाच नेमते. हे काल ठरले. काल देवळात महादूने नेहमीचे गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडे, घातले. पाऊसपाणी, गुरेढोरे झाले आणि तोच सूर धरून तो पुढे म्हणाला, "जेणी कोणी ही बाव बुजयल्यान, तेच्याच हातान ती पावसाच्या आदी उघडी होवंदे रे महाराजा!"
"व्हय महाराजा!" गाव गरजला. सर्वांत मोठा आवाज विनीतचा, लहानपणापासूनची सवय. मग सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याचा चेहरा मी बावीच्या जागी पाहिलेल्या मातीपेक्षा सपाट होता.
सावित्रीकाकू हळूच म्हणाली, "आता खण रे बाबा. देवाक होय म्हटलंस."
तो आज फावडे मागायला माझ्याकडे आला. जेसीबी लावू का, असेही विचारले. देवाला "हातान" म्हणून सांगितले आहे, एवढेच मी बोलले. हे मृत्युपत्र त्या होकाराची पुरवणी समजावे. तो पावसाआधी पुरा झाला तर कलम ४ मधली अट रद्द.

कलम ६. तन्वीने विचारले, "आत्या, तुझा यंत्र खाली मेला आसतला?" नाही. त्याची बॅटरी माझ्या रागापेक्षा टिकाऊ आहे. काठावरच्या झाडाला, उंडलीलाही, बाव बुजल्याचे अजून कळलेले नाही. ती दिवसा पिते, रात्री पाणी परत चढते, आणि मातीखाली ते यंत्र अंधारात मोजते आहे. ज्याच्या फावड्याला ते लागेल, त्याने ते न उघडता तन्वीच्या हातात द्यावे. तो विनीत असेल, तर त्याने आधी हात धुवावेत. त्याच पाण्याने.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही केली.

नम्रता भिकाजी हडकर

साक्षीदार: १. महादू गावकर (सही)
२. सावित्री हडकर, चुलती (अंगठा नको म्हणाली, सही केली)

स्थळ: कातळवाडी, जिथे बावीचा काठ होता तिथे. फावड्याचा आवाज येतो आहे.
दि. १२ डिसेंबर २०२५