दवाखान्याचा पासवर्ड

बोईसर, शुक्रवार, १९९७

जेवण गेलं नाही. रघूचा तो डोळा नजरेसमोरून हलत नाही.

कंपनीत सगळ्यांचे पासवर्ड दर महिन्याला संपतात. नवा केल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे, नियमही माझाच. आज दुपारी प्लांटमध्ये काम करताना आमच्या कामगाराच्या, रघूच्या डोळ्यात केमिकल उडालं. कंपनीच्या दवाखान्यात सिस्टर एका हाताने डोळ्यावर पाणी सोडत होत्या, दुसऱ्या हाताने त्या केमिकलची माहिती काढत होत्या. ती आता फक्त कॉम्प्युटरवर. आणि पासवर्ड नेमका आजच संपलेला! नवा टाकला की नाकारायचा. जुना नको, छोटा नको. मी धावत पोचलो तेव्हा इथल्याच माहीम गावच्या, एरवी शांत असणाऱ्या सिस्टर माझ्यावर कडाडल्या, "सायेब, मी याचा डोळा बगू का तुमचा पासवर्ड?"

डोळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. वाचेल ना?

संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात गेलो. नवा पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला, दारातूनही दिसेल एवढा. कुठेही लिहायचा नाही, हाही माझाच नियम. मी ओला फडका उचलला.

शेवटचं अक्षर पुसट होतं. फडका ठेवला, खडू घेतला आणि ते गिरवलं.