सध्या नाही

३ मार्च
हवाई दलाच्या पायलट ट्रेनिंगचं पत्र आलं. फक्त मेडिकल बाकी, म्हणजे फॉरमॅलिटी. उद्यापासून पहाटे साडेचारला उठणे.

४ मार्च, सकाळी ९.४०
अलार्म मोबाईलने वाजवलाच नाही.
पत्रासोबतच्या फॉर्मवर एक आगाऊ प्रश्न: ‘सध्या कोणते औषध चालू आहे काय? असल्यास दुष्परिणाम लिहा.’ मला चालू आहे ती पिंपल्सची गोळी. पिंपल्सला कोणी आजार म्हणतं का? ती घेतोय युनिफॉर्ममधल्या फोटोसाठी. म्हणजे देशाच्याच कामाची.

६ मार्च
ताई औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून स्वतःला अर्धी डॉक्टर समजते. पाकिटातला कागद मोठ्याने वाचून दाखवला: डोळे कोरडे पडतात, ओठ फुटतात, अंधारात कमी दिसू शकतं. म्हणाली, हे सगळं लिही, आणि अंधार पडल्यावर बाईक काढू नकोस. जळते. तिला साधी स्कूटर वळवता येत नाही.

९ मार्च, संध्याकाळी ७
बाईक आमच्याच फाटकावर गेली. उघडं आहे असं वाटलं. फाटकाला काळा रंग कोण देतं? बाबांना सांगितलं, पांढरा द्या.

१२ मार्च
बाबा बस चालवायचे. बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा स्वतःहून डेपोत जाऊन सांगितलं. आठ महिने स्टिअरिंग सुटलं, टेबलावर बसून पास लिहीत होते. आज विचारलं, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? म्हणाले, माझ्या मागे पन्नास माणसं बसायची रे. फायटरमध्ये मागे कोणी बसत नाही. बाबांना एव्हिएशनमधलं काही कळत नाही.

१८ मार्च
मार्ग सापडला. प्रश्न नीट वाचायला हवा. ‘सध्या’! आजची गोळी घेतली, उद्या मेडिकलच्या दिवशी घेणार नाही. म्हणजे सध्या औषध चालू नाही. ‘नाही’ लिहून सही ठोकली. एक अक्षर खोटं नाही. वकील झालो असतो तरी नाव काढलं असतं.

१९ मार्च, दुपारी १२
उंची, वजन, कान फर्स्ट क्लास. आता अंधाऱ्या खोलीतली एक टेस्ट.

१९ मार्च, दुपारी ४
बारीक दिवा कोणत्या बाजूला लागतो ते सांगायचं. मी ठणकावून सांगितलं: डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. उजेड केल्यावर डॉक्टर म्हणाले, शेवटच्या तिन्ही वेळा दिवा लावलाच नव्हता.
मग तोंडाकडे बघत विचारलं, ओठ कधीपासून फुटलेत? म्हटलं, थंडीने. म्हणाले, घामाघूम झाला आहेस. पिंपल्सची गोळी शेवटची कधी घेतलीस? तोंडातून निघून गेलं, काल.
ते शांतपणे म्हणाले, लिहिलं असतंस तर काही महिने थांबवून पुन्हा तपासलं असतं. डोळे सुधारतील. या सहीचं मी काय करू?

२१ मार्च
चूक फॉर्मची आहे. ‘सध्या’ची व्याख्या कुठेही दिलेली नाही. अपील करणार.

२ एप्रिल
अपील फेटाळलं. एका ओळीत. ताईने ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो. डोळे इतके कोरडे की रडतानाही चुरचुरतात.
बाहेर बाबा फाटकाला पांढरा रंग देत होते. म्हटलं, आता कशाला? म्हणाले, तुला अजून दिसत नाही ना.

५ मे
बाबांनी डेपोतून फॉर्म आणून दिला. कंडक्टरची जागा. त्यातही तोच प्रश्न. गोळी बंद होऊन दीड महिना झाला, तरी सगळं लिहिलं: गोळीचं नाव, डोळे, ओठ, फाटकसुद्धा. रकाना पुरला नाही, समासात गेलो.
त्याखालचा प्रश्न: ‘सध्या काय करता?’ तिथे तीन ओळी मोकळ्या होत्या. ‘काही नाही’ लिहिलं आणि सही केली.