विणकामाची सुई आणि खाली उतरणारी रेषा

सोमवार, १ सप्टेंबर
गणित शिक्षकांनो! गाण्याच्या तासाला टाळ्या, खेळाच्या तासाला आरोळ्या आणि आपल्या वाट्याला फक्त जांभया. किती दिवस सोसायचं? (सुरुवात झकास. डेमोला हीच.)

पुढच्या शुक्रवारी डेमो तास. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसणार. जमलं तर नववी माझी, नाहीतर नव्या बाईंची. विषय बेस्ट फिट रेषा: विखुरलेल्या बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा. मुलांना म्हटलं, डेटा तुम्हीच गोळा करा. कसला ते विचारलं नाही. विश्वास टाकावा लागतो.

संकल्प: कमी बोलायचं.

बुधवार, ३ सप्टेंबर
बिंदूंसाठी टाचण्या, रेषेसाठी बायकोची विणकामाची सुई. ती म्हणाली, स्वेटर अर्धा आहे. मी म्हटलं, देशाचं शिक्षणही अर्धंच आहे. मुद्दा थोडक्यात समजावला. दूध उतू गेलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर
सराव. पोरांनी सुई पहिल्या आणि शेवटच्या टाचणीला टेकवली, मधल्या वाऱ्यावर. मधल्या बिंदूंच्या हक्कांवर बोललो. घंटा झाली. अचूक रेषा काढून दाखवणारा लॅपटॉप उघडायचा राहिला.

गुरुवार, ११ सप्टेंबर
घसा बसला. गणितं फळ्यावर लिहून गप्प बसलो. सगळ्यांची बरोबर आली. गणितं सोपी असणार.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
घसा सुटला. प्रस्तावना लांबली, पण भारदस्त. मग पहिल्या बाकावरची चष्मेवाली डेटा घेऊन उठली. आडव्या अक्षावर: सर किती वेळ बोलले. उभ्यावर: किती जणांचं गणित बरोबर आलं.

टाचण्या टोचून सुई टेकवली, तर ती डावीकडून उजवीकडे सरळ खाली उतरली. म्हटलं, हात हलला असेल, लॅपटॉपला विचारा. लॅपटॉपची रेषा आणखी उतरती. म्हटलं, गुरुवारचा बिंदू अपवाद आहे, काढा. काढला. तरी खालीच. आणखी काही अपवाद सापडले. शेवटी दोन बिंदू उरले.

"आता रेषा दोन्हींतून अगदी अचूक जाते, सर," चष्मेवाली म्हणाली. "तरी खालीच जाते."

मुख्याध्यापिका पहिल्यांदाच हसल्या. "मुलांना रेषा कळली. सोमवारी त्यांचं पहिलं गणित होईपर्यंत तुम्ही गप्प राहिलात, तर नववी तुमची."

तास यशस्वी. अट मात्र अन्यायाची.

शनिवार, १३ सप्टेंबर, संध्याकाळी
घरी मौनाचा सराव. जेवण लवकर आटोपलं. बायको म्हणाली, बरं वाटतंय, रोज करत जा. यावर बरंच बोलण्यासारखं होतं. बोललो.

जिभे, तुला जाहीर आवाहन: सोमवारी पोरांचं पहिलं गणित होईपर्यंत दातांच्या आत बस.