चौघांचा गोल आणि माझे दोन हात

४ जानेवारी १९८१, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. पंधरा फेब्रुवारीला, कंपनीच्या वर्धापनदिनी, आम्ही चौघं विमानातून उडी मारून आकाशात हात धरून गोल करणार. सुभेदार अर्जुनराव (रिटायर्ड, पॅराशूटवाले, मुक्काम देहूरोड), टूलरूमचा दत्तोबा, पेंटशॉपचा कोंडीराम आणि मी. माझ्या एकट्याच्या अकरा उड्या झाल्यात. सगळ्या डोळे मिटून, पण ते कुणाला माहीत नाही. भीती अजिबात नाही. पोट बिघडलंय ते हुरड्याने.

७ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे पाचला जमिनीवर पालथं पडून हातपाय ताणणे, दहा मिनिटं. उद्यापासून.

८ जानेवारी
फरशी गार होती. सोमवारपासून.

११ जानेवारी, रविवार
शेडमध्ये सराव. गाडीखाली शिरायला मेकॅनिक वापरतात त्या चाकांच्या फळ्यांवर पालथं झोपून एकमेकांकडे सरकायचं. हात धरायचा. सुभेदारांनी मान हलवली की सोडायचा, लांब जायचं, मग छत्री उघडायची. सोडला नाही तर दोन छत्र्या एकमेकींत अडकतात. पुढे काय, ते दत्तोबाने विचारलं. सुभेदार म्हणाले, पुढे काही नाही.
धरणं मला उत्तम जमलं. सोडणं बाकी आहे. दोष माझा नाही. कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर अकरा वर्षं काढली. दोन बटणांवर दोन हात, आणि पंच वर गेल्याशिवाय हात उचलायचा नाही. म्हणून तर दहा बोटं शाबूत आहेत.

१८ जानेवारी, रविवार
कोंडीराम म्हणाला, भाऊ, मनगट हाय माझं, हँडल न्हाई. माणूस नाजूक आहे.

२५ जानेवारी
कपाटात महत्त्वाचे कागद कुठे आहेत ते प्रभावतीला सहज सांगितलं. ती रडायला लागली. बायकोला काही सहज सांगायची सोय नाही.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६.१०
आज चौघांची पहिली खरी उडी. चाकणच्या पुढचं माळरान. पोहे नको म्हटलं. हात गार पडलेत. थंडी फार.

संध्याकाळ
या वेळी डोळे उघडे ठेवले. तीच चूक झाली. खाली नुसती जमीन, आणि ती वर येत होती. तेवढ्यात कोंडीराम समोर आला. मी त्याचं मनगट धरलं. गोल झाला! सुभेदारांनी मान हलवली. दत्तोबा गेला. सुभेदार गेले. मी आता कोंडीरामची दोन्ही मनगटं धरून होतो. कोंडीराम ओरडत होता, ऐकू येईना. मग तो माझ्या अंगठ्याला कडकडून चावला.
छत्री उघडली तेव्हा खालच्या म्हशी मोजता येत होत्या. कोंडीरामची त्याहून खाली उघडली.
चावण्याबद्दल लेखी तक्रार करणार.

३ फेब्रुवारी
धनुर्वाताचं इंजेक्शन. तक्रारीचा तिसरा मसुदा. भाषा संयमी.

८ फेब्रुवारी, रविवार
सरावाला गेलो नाही. अंगठा. दुपारी कोंडीराम आणि गिरजावहिनी घरी आले. माफी मागायला आला असणार म्हणून मी माफ करायची तयारी ठेवली होती. त्याने चहा बशीत ओतला आणि न पिता खाली ठेवला. म्हणाला, भाऊ, मला दोन पोरी हायेत. तू सोडशील म्हणून मी आकडे मोजत हुतो. सात झाले, तवा चावलो.
तक्रार फाडली. मी घाबरलो होतो. पहिल्या उडीपासून घाबरलेलाच आहे.

९ फेब्रुवारी
सुभेदारांना सांगायला गेलो की शिफ्ट बदलल्यामुळे, संघाच्या हितासाठी, मी स्वतःहून माघार घेतोय. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, तुमचं नाव उडीच्याच रविवारी काढलं. तिघांचा गोल करतोय.
अपमान. गेटपर्यंत फार संतापलो होतो.
घरी पिठलं, दोन भाकऱ्या, वर भात. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. प्रभावतीने विचारलं, आता का रडताय? म्हटलं, ठेचा तिखट झालाय.
ती म्हणाली, ठेचा अजून वाढलाच नाही.