पावलाखालची वाळू

लागुश, ८ मार्च १४४८

चि. लोपोस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं गलबत लिस्बनला सुखरूप लागलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. अंजीर सुकवून ठेवलेत. उशीर केलास तर मीच फस्त करीन. दात दोनच उरलेत, पण खोड जात नाही.

एक मागणं आहे. गेल्या सफरीत गिनीच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली बाई तुझ्या वाट्याला आली, ती तू माझ्या हाताखाली ठेवलीस. पाद्रीबुवांनी बाप्तिस्मा देऊन तिची कातारिना केली, पण ती कुंबाच. तू निघालास तेव्हा रीतीप्रमाणे तुझ्या शेवटच्या पावलाखालची वाळू मी मडक्यात भरली. ती घरात कुणी राखली की वाटेवरचं पाऊल चुकत नाही. परवा कुंबाने झाकण उघडलं. मी खेकसले, अगं मेले, हात लावू नकोस! तर ती मडकं कवटाळून रडायलाच लागली. मोडकंतोडकं बोलत म्हणाली, आमच्यातही हीच रीत. तिला धरलं तेव्हा तिचा मुलगा नदीने वर मीठ विकायला गेला होता. त्याची वाळू घरी तशीच राहिली, राखायला कुणी नाही.

तिला परत ने, बाळा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला या वयात जमायचं नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी आत्या, ब्रिओलांजा

लिस्बन, २ एप्रिल

ती. आत्यास लोपोचा शि. सा. न. वि. वि.

अंजीर शिल्लक ठेव. कुंबाचं मात्र मनातून काढ. कप्तान हसेल, म्हणेल, धरलेलं माणूस सोडायला जातोस, तर मग नांगर कशाला उचलायचा? शिवाय तिचं गाव उरलेलं नाही. आम्हीच जाळलं. तिला सांगू नकोस.

तुझा लोपो

लागुश, १९ एप्रिल

चि. लोपोस आशीर्वाद.

सांगितलं तिला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. संध्याकाळी म्हणाली, वाळू जळत नाही.

तुझं मडकं ओतून टाकीन अशी धमकी लिहिणार होते. हात धजेना. मग तिच्या जिवाचं काय होत असेल? तिचं बोचकं बांधलंय. कप्तानाला सांग, तिथल्या बोलीसाठी दुभाषी नेतोय. हे खोटं माझ्या माथी.

आत्या

मदेइरा बेट, सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न.

दुभाष्याचं खोटं कप्तानाला पटलं, कुंबाला तिच्या गावाशी उतरवलं. कुडाच्या जागी गवत उगवलं होतं, तरी तिने आपलं घर बरोबर ओळखलं. हातांनी राख उकरली. मडकं फुटलेलं, वाळू होती, काळी पडलेली. ती वस्त्राच्या गाठीत बांधून नदीकाठाने वर निघून गेली. मागे वळली नाही.

ओल्या काठावर तिची पावलं उमटली होती. मी वाळू उचलायला वाकलो आणि तसाच उठलो.

आत्या, माझी वाळू अजून ठेवली आहेस ना?

लोपो