धनश्रीने माझ्यावर केलेलं वाक्य

तिसगाव,
१२ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. दाजींचा खोकला थांबला का? इकडे तूर निघाली, कांद्याला पाणी चालू आहे. थंडीने सासूबाईंचे गुडघे धरलेत, जीभ मात्र मोकळी आहे.

फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करत राहते, म्हणून लिहायला बसले.

परवा धनश्री माझ्याजवळ बसून इंग्रजी पाठ करत होती. 'टेक एक्सेप्शन'. मी विचारलं, हे काय असतं? म्हणाली, "हरकत घेणं. एखादी गोष्ट खटकली की तसं सांगणं." मग तिने घरातल्या एकेकावर वाक्यं केली. पप्पा भाजीतल्या मिठाला हरकत घेतात. आजी माझ्या मोबाईलला घेते.

सासूबाई आतून म्हणाल्या, "घेनारच. अभ्यास हाय का चाळं?" आम्ही दोघी हसलो.

मी म्हटलं, माझ्यावर कर. ती पेन चावत राहिली. "तुझं जमत नाही, मम्मी. तू कशालाच घेत नाहीस." शेवटी तिने 'कधीच नाही' घालून ते पुरं केलं आणि पुढच्या शब्दावर गेली.

येत्या रविवारी धनश्रीची सुपारी फुटायची आहे. तुझ्या दिराचा आदिनाथ चांगला मुलगा आहे. स्थळ तू आणलंस, ह्यांना आनंद झाला. पण लग्न बारावीच्या परीक्षेआधी उरकायचं, पुढचं शिक्षण नंतर बघू, हे बैठकीत चहा नेताना माझ्या कानावर पडलं. धनश्रीला नर्सिंगला जायचंय. "तू सांग ना त्यांना," म्हणाली. मी पातेलं घासत राहिले. तिला अठरा भरली म्हणून सगळे निर्धास्त आहेत.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आतून साखरेचं ताट गेल्याशिवाय सुपारी फोडत नाहीत, आणि ताट आलं की बायकांचा होकार धरतात. ते मुलीच्या आईनेच भरायचं. बाहेर पाहुणे खोळंबलेले, पाठीशी सासूबाई उभ्या. मी भरीन, ताई. मला मी माहीत आहे. म्हणून गोष्ट तिथवर जाऊ द्यायची नाही.

हे लग्न आत्ता होऊ नये. माझी हरकत आहे.

ह्यांना सांगितलं तर माझं तोंड तेवढं बंद होईल. दाजींनी शब्द टाकला तरच रविवारची बैठक थांबेल, तू त्यांना सांग. सासरी तुझी मान खाली जाईल, तू माझ्याशी बोलणं सोडशील, हेही मला कळतं. आई गेल्यापासून माहेर म्हणून मला तूच आहेस. तरी लिहिते आहे.

रागावून का होईना, शनिवारच्या आत कळव.

धनश्रीची आई,
रेश्मा